नितळ पाणी, निर्मळ पाणी

दिवाळीत रव्याच्या लाडवांचा पाक करताना जाणत्या बायका उकळत्या पाकात चमचाभर दूध सोडतात. थोड्याच वेळात करडा फेस वर येतो. साखरेतली मळी त्यात अडकलेली असते. झाऱ्याने तो फेस काढून टाकला की खाली नितळ पाक उरतो. असे का होते, हे मी लहानपणी आईला विचारले, तेव्हा 'मळी निघते' एवढेच उत्तर मिळाले. उत्तर बरोबर होते, पण अपुरे होते. दुधातली प्रथिने उष्णतेने गोठतात, गोठताना त्यांचे जाळे विणले जाते आणि पाकातले बारीक कण त्या जाळ्यात धरले जातात. मग जाळे कणांसह वर तरंगते आणि आपण ते फेकून देतो. प्रथिनाने द्रव स्वच्छ करण्याचा हा प्रयोग आपल्याकडे घरोघर वर्षातून एकदा तरी होतो.

गेली काही वर्षे जगातल्या प्रयोगशाळांत प्रथिनांच्या अतिसूक्ष्म तंतूंनी दूषित पाणी शुद्ध करण्याचे काम चालू आहे. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. काही नॅनोमीटर जाडीच्या या तंतूंची बातमी मी प्रथम वाचली तेव्हा मला तो पाक आठवला. त्या बातमीमागचा इतिहास शोधावा असे वाटले आणि शोधता शोधता मी आमच्या कुंभारीच्या आडापाशी येऊन पोचलो. त्या प्रवासाची ही हकिगत.

कतकाचे बी

आपल्या भाषेत गढूळ पाणी 'निवळते'. ताक ठेवून दिले की वर जे पाणी सुटते ती 'निवळ'. आणि पाणी निवळवणाऱ्या एका झाडाच्या बीला 'निवळी' म्हणतात. संस्कृतात त्याला कतक म्हणतात, हिंदीत निर्मली. झाड कुचल्याच्या कुळातले आहे. पण कुचल्याचे विष याच्या बियांत नाही. मातीच्या घड्याच्या आतल्या अंगाला ही बी उगाळायची आणि मग त्यात पाणी भरून ठेवायचे, अशी जुनी रीत. आमच्या गावाच्या नावातच कुंभ आहे, म्हणून असेल, पण घड्याच्या पोटात उगाळलेल्या बियांचे हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या सात वस्तू सांगितल्या आहेत. त्यात कतक पहिला. पुढे गोमेद, कमळाचा कंद, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती आणि मणी. यातली वस्त्र ही वस्तू सोलापूरच्या माणसाने लक्षात ठेवावी. तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात कतकाचा दाखला वेगळ्या कामासाठी येतो. कतकाचे फळ पाणी निवळवते हे खरे, पण त्याचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असा त्याचा आशय. बाह्य चिन्हांनी धर्म होत नाही, आचरण करावे लागते, हे सांगताना ग्रंथकाराने हे उदाहरण घेतले. म्हणजे वाचणाऱ्या-ऐकणाऱ्या सगळ्यांना कतक ठाऊक होता. दाखला घरातला असेल तरच तो दाखला होतो.

शंकराचार्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आत्मबोध या प्रकरणात तर हा दाखला आणखी पुढे गेला आहे. अज्ञानाने मळलेल्या जीवाला ज्ञान शुद्ध करते आणि मग ते ज्ञानही स्वतः नाहीसे होते. जसे कतकाचे चूर्ण पाण्यातला गाळ खाली बसवते आणि त्या गाळाबरोबर स्वतःही खाली बसते. वेदान्ती या श्लोकाकडे मोक्षाच्या अंगाने पाहतात. मी पाण्याच्या अंगाने पाहिले. पाणी शुद्ध करणाऱ्या कोणत्याही द्रव्याची पहिली परीक्षा त्यात सांगितली आहे: ज्याने मळ काढला, त्याने स्वतः पाण्यात मागे राहू नये. पुढची सगळी हकिगत या एका कसोटीची आहे.

रंगाऱ्याची तुरटी

आमच्या घरात निवळी नव्हती, तुरटी होती. पावसाळ्यात आडाचे पाणी चहासारखे व्हायचे. आई तुरटीचा खडा हातात धरून घागरीतल्या पाण्यात सात-आठ फेरे फिरवायची आणि घागर झाकून ठेवायची. तासा-दोन तासांनी वरचे पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायची आणि तळचा चिखल परसातल्या शेवग्याला घालायची.

गढूळ पाण्यातले चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की ते आपल्या वजनाने लवकर खाली बसत नाहीत. त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांवर एकच भार, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलत राहतात आणि पाण्यात तरंगत राहतात. तुरटीतले ॲल्युमिनियम धनभारित. ते हा भार मारते, कण एकत्र येतात, त्यांचे पुंजके होतात आणि पुंजके तळाशी जातात.

हीच तुरटी रंगाऱ्याच्या घरातही होती, आणि तिथे ती उलटे काम करायची. दख्खनमध्ये आलाच्या मुळांपासून लाल रंग काढत. सुती कापड तो रंग नीट धरत नाही. कापड आधी तुरटीच्या पाण्यात काढले तर धरते. ॲल्युमिनियम एका हाताने सुताला पकडते आणि दुसऱ्या हाताने रंगाला. म्हणजे घागरीतली तुरटी पाण्यातले नको ते पकडून खाली नेते आणि रंगाऱ्याची तुरटी हवे ते पकडून कापडावर ठेवते. पकड तीच.

१८५६ साली विल्यम पर्किनने लंडनमध्ये पहिला कृत्रिम जांभळा रंग केला. १८६८ साली जर्मनीत आलासारख्या मुळांतला लाल रंग, अलिझरीन, प्रयोगशाळेत तयार झाला आणि काही दशकांत मुळांची शेती बसली. सोलापूरची जुनी मिल १८७७ साली सुरू झाली ती याच काळात. पुढे तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे हातमाग आणि यंत्रमाग, चादरी, टॉवेल यांनी शहर वाढले. रंग सगळे कारखान्यात तयार झालेले. आज सुतासाठी जे रंग सर्रास वापरतात, त्यांच्या रेणूंवर ऋणभारित गट असतात, म्हणून ते पाण्यात सहज विरघळतात. सुताला न लागलेला रंग पाण्याबरोबर वाहून जातो. आल जमिनीत कुजून जात असे. हे रंग टिकावेत म्हणूनच घडवलेले आहेत, त्यामुळे ते पाण्यातही टिकतात.

आरशासारखे पाणी

१९७९ च्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ गेला. तो तीन वर्षांचा होता, मी आठ-नऊ वर्षांचा. दोन दिवस जुलाब आणि उलट्या. सोलापूरला न्यायला बैलगाडी जुंपली तोवर उशीर झाला होता. नंतर कितीतरी वर्षे आई एकच वाक्य बोलायची, "पानी तर आरशावानी व्हतं की." तिने तुरटी फिरवली होती, पाणी निवळले होते, वस्त्रगाळही केले होते. तिच्या माहितीप्रमाणे तिने करायचे ते सगळे केले होते.

मी इतिहासाचा पदवीधर नाही की रसायनशास्त्राचा नाही. जुनी पुस्तके, अहवाल वाचण्याची सवय मला त्या वाक्याने लावली.

नितळ म्हणजे ज्यातून पलीकडचे दिसते ते. निर्मळ म्हणजे ज्यात मळ नाही ते. हजारो वर्षे माणसाने हे दोन शब्द एकच मानले, कारण मळ ओळखायला त्याच्याकडे फक्त डोळे, जीभ आणि नाक होते. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यातले. एकोणिसाव्या शतकात तिथल्या यात्रांत पटकी उसळे आणि वारकऱ्यांबरोबर गावोगाव पोचे, हे त्या काळच्या सरकारी कागदपत्रांत वारंवार आले आहे. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात ओळखला तो १८८४ साली. त्यानंतर दहाएक वर्षांत आग्र्याचे रासायनिक परीक्षक हँकिन यांनी विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा आग्रह धरला. जांभळ्या पाण्याच्या त्या विहिरी जुन्या माणसांच्या आठवणीत होत्या. पाणी आधी रंगीत करायचे आणि मग प्यायचे, हे डोळ्यांवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला पटायला किती जड गेले असेल! आजही गावातला जलसुरक्षक टाकीत टीसीएल टाकतो तेव्हा वासाबद्दल तक्रार येते आणि वास नसलेल्या दिवशी कुणी तक्रार करत नाही.

मात्र जुन्या रीतींना सरसकट अडाणी ठरवणेही चूक आहे. सुश्रुताच्या यादीतले वस्त्र घ्या. नारूची अळी पाण्यातल्या अगदी लहान पिसवेसारख्या जीवाच्या पोटातून माणसात जाते आणि तो जीव कापडात अडकतो. गाळून प्या, पायऱ्यांच्या विहिरीत उतरू नका, एवढ्या साध्या उपायांवर नारूविरुद्धची मोहीम मुख्यतः उभी होती. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. पटकीचे जंतू कापडातून जाण्याइतके लहान. पण पाण्यात ते पुष्कळदा सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात. रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत जुन्या सुती साडीची अनेक पदरी घडी करून पाणी गाळायला लावले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी कमी झाले. जुनी साडी नव्या साडीपेक्षा चांगली, कारण धुवून धुवून तिचे धागे फुलतात आणि मधली भोके लहान होतात. निम्मे रुग्ण वाचले. निम्मे वाचले नाहीत, हेही त्याच आकड्यात लिहिले आहे.

शेवग्याचा परतीचा प्रवास

शेवगा मूळचा आपल्याच उपखंडातला, हिमालयाच्या पायथ्याचा. इथून तो आफ्रिकेत गेला. सुदानमध्ये बागेची शोभा आणि कुंपण म्हणून तो लावला गेला. नाईलला पूर येतो तेव्हा पाणी मातीने दाट होते. तिथल्या खेड्यांतल्या बायकांनी त्या पाण्यात शेवग्याच्या बियांची पूड घालून पाहिली आणि पाणी निवळले. झाडाला त्यांनी नावच 'निवळवणारे झाड' अशा अर्थाचे दिले.

१९७० च्या दशकात सामिया अल अझारिया यान ही जर्मन संशोधिका सुदानमध्ये काम करत होती. कोणत्या गावातल्या बायका कोणत्या बिया, कोणती माती, कोणती साल पाण्यात घालतात, याची तिने पद्धतशीर नोंद केली आणि ते सगळे प्रयोगशाळेत तपासले. १९८१ साली तिचे उष्ण देशांतल्या पारंपरिक जलशुद्धीवरचे पुस्तक आले. त्या बायकांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत, पण त्यांची कृती आली, ती तिच्यामुळे. १९९० च्या दशकात मलावीतल्या थ्योलो इथे इंग्लंडमधल्या लीस्टर विद्यापीठाच्या अभियंत्यांनी खऱ्या जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीऐवजी शेवग्याचे बी वापरून दाखवले. १९९५ च्या सुमारास त्या बियांतला कार्यकारी घटक वेगळा काढला गेला. ते प्रथिन निघाले.

निवळीच्या बीचे काम मुख्यतः साखरेच्या लांब साखळ्यांसारख्या पदार्थांनी होते. शेवग्याचे प्रथिनाने होते. हे प्रथिन आकाराने लहान आणि ठळकपणे धनभारित आहे, म्हणजे ॲल्युमिनियमचा स्वभाव आणि बियांची जात. मातीचे ऋणभारित कण त्याला चिकटतात. बऱ्याच जंतूंची बाहेरची बाजूही ऋणभारित असते. तेही चिकटतात आणि गाळाबरोबर खाली जातात. पुढे असेही दिसले की हे प्रथिन जंतूंच्या आवरणालाच इजा करते. सुताच्या रंगांवरही ऋणभार असतो, त्यामुळे या बियांनी रंगीत पाणी फिके करण्याचे प्रयोग अनेक देशांत झाले आहेत.

आमच्या परसातल्या शेवग्याच्या शेंगा मी दोन वर्षांपूर्वी झाडावरच वाळू दिल्या. पाखे असलेले टरफल काढून आतले पांढरे बी कुटले. प्रमाण साधे आहे: पाणी किती गढूळ आहे त्याप्रमाणे चार लिटरला एक बीपासून एका लिटरला दोन बियांपर्यंत. पूड थोड्या पाण्यात कालवून, गाळून ओढ्याच्या पाण्यात घातली, आधी जोरात आणि मग हळूहळू ढवळली. दीड-दोन तासांत पाणी इतके निवळले की बादलीचा तळ दिसायला लागला. मला फार आनंद झाला. तिसऱ्या दिवशी त्या पाण्याला वास मारत होता.

हा दोष माझ्या हाताचा नव्हता. बियांत कामाचे प्रथिन थोडे आणि बाकीचे पदार्थ पुष्कळ. ते पाण्यात विरघळून राहतात आणि उरल्यासुरल्या जंतूंचे अन्न होतात. म्हणून असे पाणी त्याच दिवशी वापरावे लागते. माती गेली, पण माती काढणारा मागे राहिला. आत्मबोधातल्या कसोटीवर शेवगा इथे नापास होतो.

मागे न राहणारे औषध

या अडचणीवरचा उपाय मला विलक्षण वाटतो, कारण तो वाळूचा आहे. वाळूचा पृष्ठभागही ऋणभारित असतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात स्टेफनी व्हेलेगोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवग्याच्या बियांचा अर्क वाळूत मिसळला. धनभारित प्रथिन वाळूच्या कणांना चिकटले. मग वाळू धुतली. न चिकटलेले सगळे निघून गेले, प्रथिन राहिले. २०१२ साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. आता पाणी त्या वाळूतून जाते, मळ वाळूवर अडतो आणि पाण्यात काही उरत नाही. औषध पाण्यात घालायचे नाही, पाणी औषधातून न्यायचे.

हाच विचार आपल्याकडे पुण्यात वेगळ्या रस्त्याने आला होता. हडपसरच्या टाटा संशोधन केंद्रात, टीआरडीडीसीत, भाताच्या तुसाची राख वापरून 'सुजल' नावाचा साधा गाळक तयार झाला होता. तुसाच्या राखेत सिलिका आणि कार्बन असतो आणि तिला असंख्य छिद्रे असतात. त्याच शहरात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांचे सहकारी बुरशीकडून चांदीचे नॅनोकण घडवून घेत होते. बुरशीने सोडलेली प्रथिने त्या कणांभोवती बसून त्यांना स्थिर ठेवतात, हे त्यांनी २००३ साली दाखवले. शास्त्री पुढे टाटा केमिकल्सच्या पुण्यातल्या संशोधन केंद्रात गेले. डिसेंबर २००९ मध्ये टाटा स्वच्छ हे यंत्र बाजारात आले: तुसाच्या राखेवर बसवलेले चांदीचे नॅनोकण, वीज नको, नळाची जोडणी नको, किंमत हजार रुपयांच्या आत. इथेही भर बसवण्यावर. जंतुनाशक चांदी राखेला धरून राहिली पाहिजे, पेल्यात येता कामा नये.

राख, चांदी आणि वाळू यांनी माती आणि जंतूंचे पाहिले. शिसे, पारा, आर्सेनिक असे विरघळलेले धातू मात्र डोळ्यांना दिसत नाहीत, कापडात अडत नाहीत आणि उकळल्याने जात नाहीत. तिथे दुधाचे प्रथिन उपयोगी पडले. झुरिकच्या ईटीएच या संस्थेत राफाएले मेझेंगा आणि श्रीनाथ बोलिसेट्टी यांनी चीज करताना उरणारे पाणी घेतले, म्हणजे आपल्या निवळीचेच भावंड. त्यातले बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन आम्लात बराच वेळ तापवले की त्याची घडी उलगडते आणि त्याचे लांब तंतू विणले जातात. जाडी काही नॅनोमीटर, लांबी त्याच्या शेकडो पट. सोलापूरकराच्या भाषेत सांगायचे तर दुधातून सूत काढले. या सुतात आणि सक्रिय कार्बनमध्ये मिळून जो पडदा होतो त्यातून पाणी गेले की जड धातू मागे अडतात. प्रथिनात सिस्टीन नावाचा गंधकयुक्त घटक असतो आणि गंधकाला या धातूंची ओढ असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत काही धातू ९९ टक्क्यांहून अधिक निघाले. पाकातल्या चमचाभर दुधापासून इथपर्यंत एकच धागा आहे, असे मला वाटते ते यामुळे.

पुढे २०२२ साली सिंगापूरच्या नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठातल्या आणि झुरिकच्या संशोधकांनी मिळून असे तंतू दुधाऐवजी तेल काढून उरलेल्या सूर्यफुलाच्या आणि भुईमुगाच्या पेंडीतून काढले. ही बातमी मी दोनदा वाचली. आमचा जिल्हा कोरडवाहू. करडई, सूर्यफूल, भुईमूग यांची पेंड इथे गुरांच्या गव्हाणीत रोज पडते. मात्र ही पेंड कचरा आहे असे फक्त शहरातला माणूस म्हणू शकतो. इथे ती म्हशीचे दूध आहे. पेंडीतून पाणी शुद्ध करायचे तर म्हशीच्या तोंडचा घास किती जाणार, हा हिशेब प्रयोगशाळेत होत नाही. तो गावात करावा लागेल.

कुंभारीचा हिशेब

आमचे गाव सोलापूरपासून अक्कलकोट रस्त्यावर. वाटेत औद्योगिक वसाहत लागते, यंत्रमागांचा खडखडाट लागतो. गावाच्या शिवारात गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगार महिलांची १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी तिची घरे सुपूर्द केली. मग रे नगरची ३०,००० घरांची योजना आली आणि त्यातल्या पहिल्या १५,००० घरांचे हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी हा लढा वर्षानुवर्षे चालवला. एका खेड्याच्या शिवारात एक शहर आले. घराला पाणी लागते, आणि ते आमच्या आडात नाही.

सोलापूरने पाणी नेहमीच बाहेरून आणले. १८७१ साली पूर्ण झालेला एकरुखचा तलाव, ज्याला आपण हिप्परगा म्हणतो, तो शहराजवळ होता. १९८० साली पूर्ण झालेले उजनी धरण शंभर किलोमीटरच्या घरात दूर आहे. त्या धरणात भीमा येते ती पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी पोटात घेऊन. म्हणजे पाणी जितके लांबून आले तितके ते जास्त माणसांच्या हातांतून आले. एका आडाचा मळ एका गावाचा होता. आता कुणाचा मळ कुणाच्या घागरीत, हे सांगता येत नाही.

मी कागदावर एक हिशेब मांडून पाहिला. १०,००० घरे, पिण्या-रांधण्यासाठी घराला रोज ४० लिटर, म्हणजे ४ लाख लिटर. दोन लिटरला एक बी धरले तर रोज २ लाख बिया, वजनाने सुमारे ६० किलो, वर्षाला साधारण २२ टन. बियांतले तेल काढून घेतले तरी पेंडीतले प्रथिन काम करते, म्हणजे तेलाचे पैसे वेगळे. आकडा अशक्य नाही; एका तालुक्यातल्या बांधांवर एवढी झाडे उभी राहू शकतात. पण या ६० किलोंनी फक्त पाणी निवळेल. जंतूंसाठी त्यानंतर क्लोरीन लागेलच. धातूंसाठी पडदा लागेल. आणि हे सगळे घरोघरच्या बाईच्या कामात भर म्हणून टाकायचे की पाणी देणाऱ्या यंत्रणेने करायचे, हा प्रश्न रसायनशास्त्राचा नाही. दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईला बिया कुटायला सांगणे म्हणजे नदी घाण करणाऱ्याचे काम तिच्या अंगावर टाकणे.

शेवटी उरतो गाळ. कतकाबरोबर खाली बसलेला, तुरटीने खाली नेलेला, प्रथिनाच्या पडद्यात अडकलेला. आत्मबोधात गाळ खाली बसला की दाखला संपतो. घागरीच्या बाबतीत तो तिथून सुरू होतो. माझी आई तो चिखल शेवग्याला घालायची आणि शेवगा वाढायचा, कारण तो शेतातला चिखल होता. रंगाचा गाळ झाडाला घालता येत नाही. शिसे अडकलेला पडदा परसात पुरता येत नाही. झुरिकच्या संशोधकांनी पडदा जाळून त्यातले मौल्यवान धातू परत मिळवण्याची सोय दाखवली आहे, पण सोने आणि पॅलेडियम परत घ्यायला कुणीही येईल. रंगाचा गाळ घ्यायला कोण येणार? म्हणून पाणी शुद्ध करण्याच्या प्रत्येक नव्या वस्तूबद्दल मी आता दोनच गोष्टी विचारतो: ती पाण्यात मागे राहते का, आणि तिने काढलेला मळ कुठे जातो. दुसऱ्या प्रश्नाचे सर्वांत स्वस्त उत्तर, मळ पाण्यात जाऊच न देणे, हे रंगाच्या हौदापाशी आणि शहराच्या गटारापाशी द्यायचे असते, घागरीपाशी नाही.

आईचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. नळाचे पाणी येते, घरात गाळक आहे, तरी पावसाळ्यात ती तुरटीचा खडा शोधते. यंदा मी तिला बादलीत शेवग्याचे बी घालून दाखवले. पाणी निवळताना ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "हे उकळून घे." आणि तिने स्वतः उठून पातेले चुलीवर ठेवले.